भाड्याचे घर : सामान उतरवण्याआधी भिंत बघा

मे महिना उजाडला की मुंब्रा, भिवंडी, कुर्ला, गोवंडी, कोंढवा, मालेगाव, जिकडे जावे तिकडे एकच दृश्य दिसते. टेम्पोवर कपाट, त्यावर गाद्या, गाद्यांवर पातेल्यांचे गाठोडे आणि पुढच्या सीटवर कुरआन शरीफ मांडीवर घेऊन बसलेली घरातली आजी. अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो आणि मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आत नवीन घर गाठायचे असते. हमाल घाई करतो, टेम्पोवाला घाई करतो, एजंट तर सगळ्यांत जास्त घाई करतो. या गडबडीत सामान आत जाते, दार लागते आणि पहिला पाऊस पडेपर्यंत सगळे ठीक वाटते.

आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाचे असेच झाले. चिपळूणहून मुंब्र्याला आलेले, नवरा-बायको, दोन मुले आणि सासूबाई. भाडे नऊ हजार, डिपॉझिट साठ हजार. घर बघितले तेव्हा भिंतींना ताजा गुलाबी रंग लावलेला होता. सगळे खूश झाले. जुलैत कपाट जरा सरकवले तर मागची अख्खी भिंत काळी! रजयांना कुबट वास, रंगाचे पोपडे, छताच्या कोपऱ्यातून थेंब. धाकट्या मुलीचा खोकला काही केल्या थांबेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात ओल आहे का?" मालकाला सांगितले तर उत्तर आले, "तुम्ही येण्याआधी भिंत चांगली होती. तुम्हीच ओले कपडे घरात वाळवता." घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधले बावीस हजार कापले गेले. या लोकांकडे पहिल्या दिवसाचा एकही फोटो नव्हता. करार म्हणून जो कागद होता तो फक्त नोटरी केलेला. बोलणार काय?

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण ती एकट्या त्या घराची नाही. वाचकांपैकी कित्येकांनी ती भोगली असेल. म्हणून या लेखात आम्ही एकाच मुद्द्यावर बोलणार आहोत : घराची खराब अवस्था पहिल्याच दिवशी बघणे, दाखवणे आणि लिहून ठेवणे. नंतरच्या अर्ध्या भांडणांचे मूळ त्या एका दिवसात असते.

आपण गप्प का बसतो?

खरे बोलायचे तर आपल्या लोकांना घर सहज मिळत नाही. फोनवर भाडे ठरते, डिपॉझिट ठरते, मग नाव विचारले जाते आणि "सोसायटी परवानगी देत नाही" असे ऐकायला मिळते. दोन-चार ठिकाणी असा नकार पचवल्यावर माणूस आपल्याच मोहल्ल्यात परततो. तिथे घरे कमी, माणसे जास्त. मग जी खोली मिळेल ती "अल्हम्दुलिल्लाह, निदान छप्पर तरी मिळाले" म्हणून घेतली जाते. गळती दिसली तरी बोलायचे धाडस होत नाही. वाटते, आता तक्रार केली तर चावीच परत मागतील.

छप्पर मिळाले याचा शुक्र अल्लाहचा करायचा, यात शंका नाही. पण गळक्या पाइपाचा हिशेब मालकाकडेच मागायचा असतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की सब्र आणि बेफिकिरी यांतला फरक राहत नाही. ओल म्हणजे फक्त भिंतीचा डाग नव्हे. ओलीतून बुरशी येते आणि बुरशीने दमा, खोकला, ऍलर्जी वाढते. हवा खेळत नसलेल्या कोंदट खोलीत क्षयरोगाचा फैलाव सोपा होतो. ज्या घरात तान्हे बाळ किंवा म्हातारी माणसे आहेत, तिथे हा जिवाचा प्रश्न आहे.

आणि इमारतीचा प्रश्न तर सरळ जिवाचाच. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ जण दगावले. बांधकाम पूर्ण झाले नव्हते तरी आत कुटुंबे राहायला आली होती. २०२० मध्ये ऑगस्टच्या २४ तारखेला महाडची तारिक गार्डन पडली, १६ जण गेले. ती काही जुनाट चाळ नव्हती. पुढच्याच महिन्यात, २१ सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीची जिलानी बिल्डिंग झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि तीसहून जास्त जीव गेले. यातल्या कित्येक घरांत नमाजी, कष्टकरी, भाड्याने राहणारी माणसे होती. "बिल्डिंग कशी आहे?" हा प्रश्न विचारणे म्हणजे नखरे नव्हेत.

ओल्या धान्याची गोष्ट

हदीसच्या सहीह मुस्लिम या संग्रहात एक प्रसंग येतो. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले. त्यांनी ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारले, हे काय? तो म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा प्रेषितांनी त्याला विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही, असेही बजावले.

आता हे धान्य बाजूला ठेवा आणि त्या गुलाबी भिंतीकडे बघा. आत ओल, वर रंग. प्रसंग तोच आहे. गंमत म्हणजे देशाचा कायदाही हेच सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार घर भाडेपट्ट्याने देणाऱ्याला एखादा मोठा दोष माहीत असेल आणि घेणाऱ्याला तो साध्या नजरेने कळण्यासारखा नसेल, तर तो आधीच सांगणे मालकावर बंधनकारक आहे.

फिकहमध्ये भाड्याच्या व्यवहाराला इजारा म्हणतात. भाडे हा घराच्या वापराचा मोबदला आहे, म्हणून घर वापरण्यालायक ठेवणे ही मालकाची बाजू. राहण्यात अडथळा आणणारा दोष निघाला आणि मालक तो दूर करत नसेल, तर भाडेकरूला व्यवहार सोडण्याचा हक्क आहे. हनफी असोत की शाफई, दोन्हीकडे हा हक्क मान्य आहे. उलट बाजूने, घर ही भाडेकरूच्या हातातली अमानत आहे. रोजच्या वापराने जे झिजते त्याची भरपाई त्याच्यावर येत नाही, पण बेपर्वाईने किंवा मुद्दाम केलेले नुकसान त्याला भरून द्यावे लागते.

आणि लिहून ठेवण्याबद्दल काय सांगावे! सूरह बकरहची २८२ वी आयत ही कुरआनातली सगळ्यात लांब आयत. ती मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करावी आणि साक्षीदार ठेवावेत याबद्दल आहे. डिपॉझिट म्हणजे मुदतीनंतर परत मिळायचे पैसेच की! तेव्हा "आपलाच माणूस आहे, लिहून काय घ्यायचे" ही सबब दीनच्या नावाने देता येत नाही.

घर बघताना काय बघाल?

घर एकदा दिवसाउजेडी बघा आणि एकदा पाणी यायच्या वेळी. घरातल्या बाईला सोबत न्या. मोरी, ओटा, नळ यांच्या खोड्या तिच्या नजरेला आधी दिसतात.

ओल आणि गळती : बंद खोली उघडल्याबरोबर येणारा कुबट वास ही पहिली खूण. चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का, ते विचारा. संडास-बाथरूमच्या पलीकडची भिंत, खिडकीखालचा भाग आणि वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचे छत, या तीन जागांवर हात ठेवून बघा. बोटाने ठोका. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. मे महिन्यात भिंत काही बोलत नाही, म्हणून शेजारच्या खालांना विचारा, "पावसाळ्यात गळते का हो?" एजंटच्या तासभर बोलण्यापेक्षा त्यांचे एक वाक्य मोलाचे.

इमारत : छताला किंवा बीमला लांब तडे, आतून गंजलेली सळई दिसणे, काँक्रीटचे तुकडे पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करणे कायद्याने सक्तीचे आहे. सोसायटीकडे त्याचा अहवाल मागा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात, ती वॉर्ड ऑफिसात किंवा पालिकेच्या वेबसाइटवर बघा. मुंबई-ठाण्याकडे यात वर्ग असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२-बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पहिल्या दोन वर्गांतली इमारत असेल तर भाडे कितीही कमी असो, सलाम करून परत फिरा.

पाणी आणि मोरी : पाणी किती वाजता येते, किती वेळ येते आणि टँकर लागतो का, हे शेजाऱ्यांकडून पक्के करा. सगळे नळ एकदम सोडून बघा. मोरीत आणि संडासात बादलीभर पाणी ओता. ते तुंबले किंवा बुडबुडे आले तर पाइप चोक आहे. गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे का, तेही बघा. उघडी टाकी म्हणजे डेंग्यूच्या डासांचे माहेर.

वीज : बोर्डावर काळे डाग, गरम होणारे स्विच, मोकळ्या तारा दिसतात का? इलेक्ट्रिशियनला दोन-तीनशे रुपये देऊन अर्थिंग तपासून घ्या. बाथरूममध्ये गिझर असेल तर हे टाळू नकाच. बोर्डात करंट लागला की वीज तोडणारे आरसीसीबी असेल तर त्यावरचे टेस्टचे बटण दाबून ते पडते का ते बघा. मीटर कोणाच्या नावावर आहे, मागचे बिल थकले आहे का, हे विचारा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढा.

हवा आणि गॅस : प्रत्येक खोलीला उघडणारी खिडकी आहे का? स्वयंपाकघरातला धूर कुठून बाहेर जातो? आधीच्या भाडेकरूची गॅसची नळी तशीच वापरू नका. नवी, आयएसआय मार्क असलेली घ्या. तिची मुदत साधारण पाच वर्षांची असते.

चावी मिळाल्यावर पहिला अर्धा तास

टेम्पो खाली थांबलेला असला तरी हा अर्धा तास सोडू नका. रिकाम्या घरात फोनवर सलग एक व्हिडिओ काढा. दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोली, छत, चारही कोपरे, मोरी, संडास, खिडक्या, बोर्ड, मीटर असे सगळे घ्या. चालू असताना तोंडाने तारीख आणि काय दिसते ते बोला. जिथे डाग, तडा, मोडलेली लादी असेल तिथे जवळून फोटो घ्या. मग लगेच, त्याच दिवशी, ते मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. नुसते फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. पाठवल्याची तारीख आणि वेळ हाच पुढचा पुरावा.

भाषा नरम, पण मजकूर पक्का असू द्या. उदाहरणार्थ असे लिहिता येईल :

"अस्सलामु अलैकुम चाचा. आज २ जूनला सकाळी खोलीची चावी मिळाली, शुक्रिया. सामान लावायच्या आधी घराचा व्हिडिओ आणि सात फोटो पाठवत आहे. आतल्या खोलीच्या डाव्या भिंतीला खालून दोन फूट ओल आहे. बाथरूमच्या छतातून पाणी टपकते. किचनचा एक बोर्ड जळालेला आहे. मोरीची एक लादी फुटलेली आहे. बोर्ड आणि गळती पावसाच्या आधी करून द्यावी ही विनंती. मिस्त्री कधी पाठवता ते कळवा, आम्ही घरीच असू. जजाकल्लाह."

यात भांडण कुठेच नाही. उलट चांगल्या मालकालाही यामुळे बरे वाटते, कारण घर सोडताना काय जुने आणि काय नवे याचा वाद उरत नाही.

करारातली चार वाक्ये

अकरा महिन्यांचा करार असेल तर रजिस्ट्रेशन लागत नाही, असा समज घरोघरी आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. मुंब्र्याच्या त्या कुटुंबाला हे ठाऊकच नव्हते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी, असे ते समजत होते. आता ही नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन, घरबसल्याही होते.

आणखी एक बारीक गोष्ट. आजकाल होणारे बहुतेक करार लीव्ह अँड लायसन्सचे असतात. त्यात आपण कायद्याच्या भाषेत "भाडेकरू" नसतो, परवान्यावर राहणारे असतो. भाडेकरूला कायद्याने मिळणारी काही संरक्षणे इथे आपोआप मिळत नाहीत. म्हणून करारात काय लिहिले आहे, यालाच जास्त वजन येते. एजंटच्या छापील नमुन्यावर डोळे मिटून अंगठा देऊ नका. ही चार वाक्ये घालायला सांगा :

१. घराच्या आजच्या अवस्थेचे फोटो कराराचा भाग मानले जातील.
२. गळती, ओल, ड्रेनेज, वायरिंग आणि बांधकामाची दुरुस्ती मालक करील. बल्ब, नळाचा वायसर अशी किरकोळ कामे राहणारा करील.
३. लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत तातडीची दुरुस्ती झाली नाही तर राहणारा ती करून घेईल आणि पावती दाखवून खर्च भाड्यातून वळता करील.
४. रोजच्या वापराने होणारी झीज आणि आधीपासूनची ओल यासाठी डिपॉझिटमधून पैसे कापले जाणार नाहीत. घर सोडल्याच्या दिवशी डिपॉझिट परत मिळेल.

करारात लॉक-इन किती महिन्यांचा आहे, हेही वाचा. घर राहण्यालायक नसेल तर लॉक-इन लागू राहणार नाही, एवढी ओळ घालून घेतली तर उत्तम.

हेवी डिपॉझिटवर घर घेणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावे. चार-पाच लाख एकरकमी देऊन भाडे शून्य, असा व्यवहार आपल्या वस्त्यांत खूप चालतो. यात दुरुस्तीचा खर्च वळता करायला महिन्याचे भाडेच नसते आणि मोठी रक्कम मालकाच्या हातात अडकलेली असते, म्हणून तोंड उघडणे आणखी अवघड होते. शिवाय ही रक्कम कर्जासारखी ठरते आणि कर्जावर फुकट राहण्याचा फायदा घेणे व्याजात मोडते, असे अनेक उलेमांचे म्हणणे आहे. व्यवहार करण्याआधी आपल्या भागातल्या मुफ्तींना जरूर विचारा.

मालक ऐकत नसेल तर

आधी तोंडी सांगा, मग व्हॉट्सअॅपवर आठवण द्या. दोन्ही झाले आणि मिस्त्री आला नाही, तर कागदावर पत्र लिहून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. जे रीतसर भाडेकरू आहेत त्यांना याच अधिनियमाच्या कलम १४ चा आधार आहे. उलट काही ठरलेले नसेल तर घर राहण्यालायक ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. मात्र एका वर्षात ही कपात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त होता कामा नये. नऊ हजार भाडे असेल तर वर्षाचे एक लाख आठ हजार, म्हणजे सत्तावीस हजारांपर्यंत. काम करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो आणि पक्की बिले ठेवा. लीव्ह अँड लायसन्सवाल्यांनी आपल्या करारात तशी अट असेल तरच कपात करावी. नाहीतर भाडे थकवल्याचा ठपका येतो. रागाच्या भरात भाडे बंद करणे ही सगळ्यात मोठी चूक आहे.

भाडेकरूचे पाणी किंवा वीज योग्य कारणाशिवाय तोडायला कलम २९ ने मनाई आहे. तसे झाले तर कोर्टात दाद मागता येते. दर महिन्याच्या भाड्याची पावती घ्या किंवा पैसे बँकेतून, यूपीआयने द्या.

गळती वरच्या मजल्यावरून असेल तर आधी दोष कुठे आहे ते ओळखा. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत गच्ची, बाहेरची भिंत आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्या घराच्या बाथरूममधून येणारी गळती त्या घरवाल्यांशी बोलून सोडवावी लागते. दोन्ही ठिकाणी पत्र मालकाच्या सहीने गेले पाहिजे, कारण सभासद तो आहे. पत्र आपण लिहून द्या, सही त्याची घ्या. काम लवकर होते.

तुंबलेले गटार, सांडपाणी, उघड्या टाक्या यांची तक्रार महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात करता येते. धोकादायक इमारतीची तक्रारही तिथेच करा आणि पोच घ्या.

मध्यस्थीची वाटही लहान समजू नका. मालक आणि भाडेकरू बऱ्याचदा एकाच मशिदीत नमाज पढतात. मोहल्ल्यातल्या एखाद्या समंजस बुजुर्गाला फोटो दाखवा, दोघांना समोरासमोर बसवा, आणि जे ठरेल ते चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी समेट पहिल्या पावसात वाहून जातो.

एवढे करूनही जमले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. प्रत्येक जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या हेल्पलाइनवर फोन करूनही माहिती मिळते. म्हणून नोटीस, अर्ज शक्यतो घरातल्या बाईच्या नावाने करा आणि करारातही तिचे नाव घाला.

दोन शब्द घरमालक भावांसाठी

आमच्या वाचकांत घरमालकही आहेत. कोणी आखातात वीस वर्षे घाम गाळून एक खोली घेतलेली, कोणा विधवेचे घर त्याच भाड्यावर चालते. त्यांच्या अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. काही भाडेकरू भाडे थकवतात, घराची वाट लावून जातात. पण रंगाच्या एका हातामागे ओल झाकून घेतलेले भाडे बरकतीचे होईल का, हे स्वतःला विचारावे. दोष असेल तर सांगा आणि भाडे पाचशेने कमी करा. किंवा वॉटरप्रूफिंग करा आणि हक्काचे पूर्ण भाडे घ्या. दोन्ही वाटा हलाल आहेत. डिपॉझिट खर्च करून टाकले म्हणून पुढचा भाडेकरू येईपर्यंत जुन्याला फेऱ्या मारायला लावणे, ही अमानतीतली खोट आहे.

आणि भाडेकरूंनीही आपली बाजू राखावी. खिडक्या रोज काही वेळ उघड्या ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवा, ओले कपडे शक्यतो बाहेर वाळवा, छोटी गळती दिसताच त्याच दिवशी कळवा. दोन महिने गप्प राहून मग भिंत कुजली म्हणून ओरडणे बरोबर नाही. घर सोडताना ते झाडून-पुसून द्या आणि पहिल्या दिवशी काढला होता तसाच व्हिडिओ शेवटच्या दिवशीही काढा.

त्या कुटुंबाने गेल्या वर्षी पुन्हा घर बदलले. या वेळी सासूबाई स्वतः शेजाऱ्यांकडे चौकशी करून आल्या. सूनबाईने टेम्पोवाल्याला खाली थांबवून आधी व्हिडिओ काढला. त्यात बाथरूमच्या छताचा डाग आला. मालक जरा नाराज झाले, म्हणाले, "आल्या आल्या तक्रार?" तिने सांगितले, "तक्रार नाही चाचा, नुसती नोंद आहे. उद्या आमच्यात वाद नको." चार दिवसांनी मिस्त्री आला. करार नोंदवलेला आहे आणि त्याची प्रत घरातल्या फाइलमध्ये, मुलांच्या जन्मदाखल्यांशेजारी ठेवलेली आहे. जुलैत कपाटामागची भिंत कोरडी होती.

अल्लाहने घराला सुकूनची जागा बनवले आहे, भाड्याच्या घरालासुद्धा. तो सुकून ओलीत कुजू नये म्हणून पहिल्या दिवसाचा अर्धा तास काढा. अल्लाह सर्वांना सुरक्षित घर आणि चांगले शेजारी नसीब करो, आमीन.